सवयी आम्ही बदलल्या, वेळापत्रक कोण बदलणार?

पिंपरखेड आणि जांबूत ही शिरूर तालुक्यातली गावं आमच्या आंबेगावच्या पूर्व भागाला लागूनच आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे तीन आठवड्यांत बिबट्यानं तीन जीव घेतले. पाच वर्षांची मुलगी, ऐंशी ओलांडलेल्या आजी आणि तेरा वर्षांचा मुलगा. त्यानंतर मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला, पिंजरे वाढले, वनविभागाच्या पथकानं एका बिबट्याला गोळी घातली. त्या दिवसांत जो तो विचारत होता, बिबट्याचं काय करायचं? तो प्रश्न आहेच. पण त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न मला वाटतो : आपल्या दिवसाचं काय करायचं? घरातलं कोण किती वाजता बाहेर पडतं, कशासाठी पडतं, उजेडात की अंधारात, एकटं की सोबतीनं, यावर आमच्याकडे जीव अवलंबून असतो.

सवयींबद्दल वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवर पुष्कळ वाचायला मिळतं. पहाटे उठा, चालायला जा, मनाचा निश्चय करा म्हणजे आयुष्य बदलेल, असा त्याचा सूर असतो. सवय माणसाच्या निश्चयावर ठरते हे त्यात गृहीत धरलेलं असतं. जुन्नर-आंबेगावात राहून मला उलटं दिसलं आहे. आमच्या बहुतेक सवयी आम्ही ठरवलेल्या नाहीत. थ्री फेज वीज किती वाजता येते, डेअरीचं दार किती वाजता उघडतं, शाळेची घंटा आणि शेवटची एसटी कधी, ऊसतोडीची पाळी कधी लागते, यावरून आमचा दिवस बेतला जातो. दिवस बेतणारा एक आणि त्या दिवसाची जोखीम उचलणारा दुसरा, अशी इथली वाटणी आहे. ही वाटणी बदलली पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे.

लग्न होऊन मी ओतूरकडून घोड नदीच्या काठी आले, तेव्हा इथल्या बऱ्याच रानात बाजरी, मटकी आणि हुलगा होता. पीक कमरेएवढं वाढायचं आणि चार महिन्यांत निघून जायचं. उन्हाळ्यात सगळं घर अंगणात झोपायचं. भजनाहून, सप्त्याहून, जत्रेच्या तमाशाहून माणसं मध्यरात्री निवांत चालत यायची. पहाटे परसाकडे जायला बाया ओढ्याला जायच्या. कार्तिकात काकड्याला म्हाताऱ्या माणसांनी चार-साडेचारला कंदील घेऊन देवळात जायचं, हा तर नेम. कुणाला भीती ठाऊक नव्हती.

मग पाणी आलं. कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं आणि त्यांचे कालवे यांनी जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांचं नशीब पालटलं. जुन्नरला विघ्नहर, आंबेगावला भीमाशंकर असे साखर कारखाने उभे राहिले. रानात ऊस आला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, त्यानंतर खोडवा. म्हणजे एकाच जागी दोन-अडीच वर्षं दाट, गार, पाण्याजवळची झाडी, आणि तिच्यात माणसाचा वावर जवळजवळ नाही. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? तिचे दिवस साधारण तीन महिन्यांत भरतात, एका वेळी दोन-तीन पिल्लं होतात, आणि ती दीड-दोन वर्षं आईच्या मागे फिरतात. उसात जन्मलेल्या पिल्लाला ऊस हेच रान. त्याला डोंगरात ‘परत’ पाठवा म्हणणं सोपं आहे, पण तो डोंगरातून आलेलाच नसतो.

या पाण्यानं आम्हाला पक्की घरं दिली, पोरांची शिक्षणं दिली. ऊस बंद करा असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही. मीही दोन एकर ऊस लावते. पण पीक बदललं, रान बदललं आणि दिवसाचं वेळापत्रक मात्र बाजरीच्या काळातलंच राहिलं, ही गोष्ट पुष्कळ दिवस आमच्या ध्यानात आली नाही.

बिबट्या हा स्वतःही सवयीचा प्राणी आहे. ठरलेला इलाखा, ठरलेल्या वाटा, दिवसा दडून राहणं आणि अंधार पडताना निघणं. दबा धरून, जवळून, अचानक हल्ला करणं ही त्याची रीत. उभा माणूस त्याला सहसा सावज वाटत नाही. खाली बसलेला किंवा वाकलेला माणूस आणि लहान मूल मात्र त्याच्या नजरेत लहान दिसतं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना बाया उकिडव्या बसतात, घास कापताना वाकतात, खुरपताना तासन्‌तास खाली असतात. धोका नेमका तिथे आहे.

त्याच्या सवयीशी झगडून काय होतं, हे जुन्नरनं एकदा पाहिलं आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडले आणि त्यांतले अनेक लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या आत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. आधीच्या वर्षांत जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. ही मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले, आणि हल्ल्यांत जीव जाण्याचं प्रमाण दुप्पट झालं. जिथे नेऊन सोडले त्या भागांतही हल्ले सुरू झाले. अनोळखी मुलखात टाकलेला, ओळखीच्या वाटा आणि ओळखीचं सावज तुटलेला बिबट्या जास्त घातक ठरला. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र त्याच काळात, २००२ मध्ये सुरू झालं. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांना तिथे आसरा मिळतो. उसात सापडलेल्या पिल्लांना पुन्हा आईजवळ पोहोचवण्याचं मोठं कामही तिथली माणसं वनविभागाबरोबर करतात. आईपासून पिल्लू तुटलं की ती सैरभैर होते, हे ऊसतोडीच्या दिवसांत आम्ही पाहतो.

याच आत्रेय यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात, शेतीच्या भागात, बिबट्यांची पाहणी केली. तिथे माणसांची वस्ती दाट आणि तरीही शंभर चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास बिबटे, असं त्यांना दिसलं. ते काय खातात हे विष्ठेवरून तपासलं, तेव्हा खाण्यातला जवळजवळ ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. त्यांत एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या त्यामानानं पुष्कळ कमी, कारण शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते आणि कुत्रं मोकळं हिंडतं. मला हा आकडा फार बोलका वाटतो. शेळीला कोंडायची सवय आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. कुत्र्यांच्या पोटाला काय मिळतं, याची फिकीर करायची सवय मात्र आम्हाला लागलेली नाही. चिकनच्या दुकानाचा कचरा, लग्नातलं उरलेलं अन्न, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, दगावलेलं वासरू, हे सगळं ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेला टाकलं जातं. त्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत येतो. पिंजरा कितीही लावा, ओढ्यातलं हे ताट रोज वाढलेलंच असतं.

मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत २००४ मध्ये हल्ल्यांनी कहर केला होता. २०११ नंतर उद्यान प्रशासन आणि मुंबईकर स्वयंसेवकांनी कचरा, उजेड, पोरांची ये-जा, संडास अशा रोजच्या गोष्टींवर चिकाटीनं काम केलं. बिबटे तिथे आजही आहेत, हल्ले मात्र खूप कमी झाले. शहराला जमलं ते आम्हाला जमणार नाही असं नाही.

आमच्यातलं पुष्कळ काही बदललं आहे, हेही सांगितलं पाहिजे. अंगणातल्या झोपा गेल्या. घरोघरी संडास आले आणि ओढ्याची वाट सुटली. माझ्या मते या भागात जितके जीव पिंजऱ्यांनी वाचवले नसतील, तितके संडासांनी वाचवले. गोठ्याला जाळी आणि वरून पत्रा आला. घराला खेटून ऊस लावणं अनेकांनी थांबवलं, मधल्या पट्ट्यात कांदा, बटाटा किंवा भुईमूग घेतात. काकड्याला आमच्या आळीतल्या बाया आता एकमेकींना हाका मारत, काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन, घोळक्यानं जातात. कुणी एकटी निघाली तर सासूबाई दारातूनच ओरडतात, “थांब गं, सोबत येऊ दे!” रानात जाताना पोरं मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावतात.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते आमच्या गावच्या दूध डेअरीनं. पूर्वी संध्याकाळचं दूध घ्यायला डेअरी सातला उघडायची. वस्तीवरचा जो तो किटली घेऊन सातनंतर निघायचा, रांगेत उभा राहून फॅट लावून घ्यायचा आणि काळोखात परतायचा. हिवाळ्यात आमच्याकडे सहालाच दिवस मावळतो. “अंधारात एकटे फिरू नका” असा फलक डेअरीच्याच भिंतीवर होता. फलक सगळे वाचायचे आणि अंधारातूनच घरी जायचे, कारण दूध तर घालायचंच होतं. वासरू उचलल्याची घटना शेजारच्या मळ्यात झाली, तेव्हा ग्रामसभेत बायांनी विषय लावून धरला. दूध गार ठेवणारा बल्क कूलर आलेला होता, म्हणजे टँकरच्या वेळेशी गाठ राहिलेली नव्हती. डेअरीच्या मंडळींनी संध्याकाळची वेळ साडेपाच केली आणि सकाळची सहाऐवजी सात.

वेळ बदलली त्या दिवसांत गाईंनी आम्हाला दमवलं. सहा-साडेसहाची धार अंगवळणी पडलेली, ती पाचलाच काढायला बसलं की गाय पान्हवेना. आंबोण पुढे ठेवा, कास कोमट पाण्यानं धुवा, पाठीवरून हात फिरवा, तरी पान्हा चोरायची. दूध घटलं, घरात कुरकुर झाली. मी रोज थोडं थोडं अलीकडे सरकत गेले, बसण्याची जागा तीच ठेवली, बादलीचा आवाज तोच, आंबोण आधी आणि धार मग, हा क्रम मोडला नाही. आठवडा-दीड आठवड्यात जनावरं रुळली. आता पाच वाजले की गव्हाणीकडे तोंड करून स्वतःच उभी राहतात. अंधार पडायच्या आत दूध घालून, किटल्या धुऊन, शेळ्या कोंडून आम्ही घरात असतो. पोरं उजेड आहे तोवर ओट्यावर आणि नंतर घरात.

मला यातून एकच गोष्ट समजली. वर्षानुवर्षं लावलेल्या फलकानं जी सवय बदलली नाही, ती डेअरीचं दार दीड तास आधी उघडल्यानं महिन्याच्या आत बदलली. शहाणपण आम्हाला आधीही होतं, ते पाळण्याची सोय त्या दिवसापासून झाली. त्यासाठी वेगळा निधी लागला नाही, परिपत्रक लागलं नाही.

आता हीच फुटपट्टी रात्रीच्या पाण्याला लावून पाहा. शेतीच्या पंपाला थ्री फेज वीज दिवसाकाठी आठ तासांच्या आसपास मिळते, आणि अनेक वर्षं ती चक्राकार पद्धतीनं मिळत आली आहे : काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी म्हणजे काय, हे ज्यानं दारं धरली आहेत त्यालाच ठाऊक. वीज दहाच्या पुढे येते. मोबाईल स्टार्टरमुळे मोटार घरातून चालू करता येते, पण साऱ्याचं पाणी मोडायला माणूस रानात जावाच लागतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. सारा भरत आला की वाकून दार मोडायचं, पुढचं धरायचं. पाणी वाहत असतं, पाचटाचा आवाज असतो, मागे काही हललं तरी ऐकू येत नाही. माझा धाकटा दीर आणि पुतण्या रात्रीच्या पाळीला जोडीनं जातात, एक पाणी बघतो आणि दुसरा नुसता उभा राहून बॅटरी फिरवतो. म्हणजे एका माणसाच्या कामाला दोन माणसं आणि दोघांची झोप. ज्यांच्या घरात दुसरा माणूस नाही, तो एकटा जातो. घरातली बाई दार लावून त्याच्या फोनची वाट पाहत बसते.

ही सवय शेतकऱ्यानं हौसेनं लावून घेतलेली नाही. वीज रात्री आली तर पाणी रात्रीच द्यावं लागतं, नाहीतर पीक जळतं. हातात ठरावीक आठ तासच असतील, तर ‘काळजी घ्या’ या सांगण्याला काही अर्थ राहत नाही. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्यानं २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीचे फिडर त्यावर चालवायचे, असं तिचं रूप. योजना चांगली आहे. माझं म्हणणं एवढंच, की कुठला फिडर आधी घ्यायचा हे ठरवताना जमिनीची उपलब्धता आणि ठेकेदाराची सोय यांच्या आधी माणसाचा जीव बघा. जुन्नर वनविभागातली, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतली २३३ गावं २०२४ मध्ये संभाव्य बिबट आपत्तिप्रवण क्षेत्र म्हणून जाहीर झाली. आपत्तीचं क्षेत्र जाहीर केलं, तर त्या क्षेत्रातल्या प्रत्येक शेतकऱ्याला बारमाही दिवसाच वीज मिळणं हा त्याचा पहिला अर्थ असला पाहिजे. आश्वासनं आम्ही पुष्कळ ऐकली. घटना घडली की काही दिवस वीज दिवसा येते, माणसं विसरली की पाळी पुन्हा रात्रीवर जाते, असा अनुभव पुन्हा नको.

ज्यांना स्वतःच्या सवयी निवडायला काडीइतकीही मुभा नाही, अशी माणसं दर हिवाळ्यात आमच्या रानात येतात. बीड, अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबं. त्यांच्या कोप्या उसाच्या फडाजवळ उघड्यावर असतात, दाराला पडदा, आत चूल, बाजूला बैल. पहाटे तीन-चारला उठून कोयता सुरू होतो, कारण गाडी वेळेत भरून कारखान्यावर पोचवायची असते. तान्ही पोरं फडाच्या कडेला झोळीत, जरा मोठी पोरं त्यांना सांभाळायला. त्या आयांना कुणी जाऊन सांगावं की पोरांना एकटं सोडू नका? त्यांनी पोरं ठेवायची कुठे? कारखान्यांना हे करता येईल : कोप्यांची जागा फडापासून लांब, गावठाणाजवळ, कुंपण, दिवे आणि संडास असलेली ठेवावी. पोरांसाठी साखरशाळा आणि पाळणाघर चालवावं. उजाडल्याशिवाय तोड सुरू करू नये. कुठल्या गटात कधी तोड आहे, हे कारखान्याच्या चिटबॉयनं दोन दिवस आधी आजूबाजूच्या घरांना सांगावं, कारण ऊस पडला की त्यातलं जनावर शेजारच्या फडात जातं, आणि शेजारच्या फडात कुणी घास कापायला बसलेली असते. तोड एका बाजूनं सुरू करून दुसरी बाजू मोकळी ठेवली, तर त्याला निघून जायला वाट मिळते. हे सगळं कार्यक्रमात बसवण्यासारखं आहे.

पोरींबद्दल कमी बोललं जातं, म्हणून मी मुद्दाम बोलते. बिबट्याच्या भीतीनं सगळ्यात आधी कुणाचा दिवस आखडतो, तर मुलींचा. मंचरला किंवा नारायणगावला कॉलेज करणारी मुलगी संध्याकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरते आणि तिथून वस्ती दीड-दोन किलोमीटर. पूर्वी ती मैत्रिणींबरोबर चालत यायची. आता बाप म्हणतो, आणायला मला वेळ नाही, तू दुपारच्याच गाडीनं ये. मग तिचं प्रॅक्टिकल सुटतं, वाचनालय सुटतं, कबड्डीचा सराव सुटतो. मुलगा मोटारसायकल काढून जातो, मुलीचं सुटलेलं परत मिळत नाही. वर्षभर असं चाललं की घरात राहणं हीच तिची सवय होते, आणि मग तिला अभ्यासाची आवड नव्हती असं आपण म्हणून मोकळे होतो. काही भागांत शाळेच्या वेळा बदलल्या, चांगलं झालं. त्याच्या जोडीला कॉलेजचे तास, एसटीची फेरी आणि फाट्यापासून वस्तीपर्यंतचे दिवे यांचा मेळ घातला नाही, तर त्याचा निम्माच उपयोग.

काही सवयी लागल्या पाहिजेत आणि काही लागताच कामा नयेत. घोळक्यानं जाणं, शेळ्या कोंडणं, दिवा लावणं, कचरा उघड्यावर न टाकणं, या लागल्या पाहिजेत, पोरांच्या हाडीमाशी मुरल्या पाहिजेत. पिंपरखेड भागात बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून शेतात जाताना साऱ्या देशानं पाहिल्या. बिबट्या मान धरतो, म्हणून हा उपाय. ज्या बाईनं तो घातला तिला मी नावं ठेवणार नाही, तिला संध्याकाळी घरी परतायचं आहे. पण तो पट्टा आम्हाला अंगवळणी पडू द्यायचा नाही. माणसाला कशाचीही सवय होते, आणि सवय झाली की मागणं थांबतं. रात्रीच्या पाण्याचं तसंच झालं. इतकी वर्षं आम्ही ते निमूट दिलं, म्हणून ते चालतं असं सगळ्यांनी धरलं.

कुणी विचारेल, एवढं करून हल्ले थांबतील का? पूर्ण थांबणार नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले हल्ले काही रात्रीचे नव्हते, दिवसाउजेडीही झाले. माणसावर वारंवार हल्ला करणारा बिबट्या ओळखून तातडीनं जेरबंद केलाच पाहिजे, त्यात चालढकल नको. बिबट्यांची संख्या आवरण्यासाठी नसबंदीचा प्रयोगही होऊ घातला आहे, पण त्याचं फळ दिसायला काही वर्षं जातील. तोवर आणि त्यानंतरही बिबट्या उसात असणार, आणि आम्हीही असणार. घटना घडल्यावरचे पंधरा दिवस यंत्रणा धावते. वर्षातले बाकीचे दिवस आमच्या रोजच्या रहाटीवर निघतात, आणि जीव वाचतो किंवा जातो तो त्या दिवसांत. मृताच्या घरच्यांना सरकार २५ लाख रुपये देतं. ते दिलेच पाहिजेत. पण त्याच पैशातला काही भाग आधी खर्च केला, तर किती वस्त्यांवर दिवे लागतील, किती गोठ्यांना जाळ्या बसतील, याचा हिशेब कुणीतरी मांडावा.

डोंगरपट्ट्यात, भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी आणि ठाकर बांधव वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. वाघाच्या मुलखात राहायचं तर आपणही रीतभात पाळायची, हे त्यांनी सणात बसवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकवलं. गुरं कुठवर न्यायची, दिवस कलताना वाडीत कसं परतायचं, राखणीला कोण, हे त्यांच्या पोरांना कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. आम्ही बागायती पट्ट्यातल्या माणसांनी पाणी घेतलं, पीक घेतलं, त्याबरोबर येणारी रीत मात्र बसवायची राहून गेली. ती आता बसवू. पण डोंगरातल्या गुराख्याचा दिवस त्याच्या हातात होता. आमचा तसा नाही, म्हणून ही रीत एकट्या शेतकऱ्याला बसवता येणार नाही.

पुढचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होईल. त्याच्या आत वीज कंपनी, साखर कारखाने, एसटीचं आगार, शिक्षण विभाग, ग्रामपंचायती आणि वनविभाग यांना जिल्हाधिकाऱ्यांनी एका टेबलाला बसवावं आणि या २३३ गावांसाठी एक सामायिक वेळापत्रक ठरवावं. वीज दिवसा. दूध, शाळा, एसटी दिवस मावळायच्या आत. तोड उजाडल्यावर, आणि आधी कळवून. मेलेली जनावरं आणि पोल्ट्रीचा कचरा यांसाठी प्रत्येक गावात चुन्याचा खड्डा, आणि तो वापरला जातो की नाही हे बघणारा एक माणूस. वनविभागाची गस्त घटनेनंतरची नको, रोजची, ठरल्या वेळेची हवी. हे वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि मोडलं तर जाब कुणाला विचारायचा त्या अधिकाऱ्याचं पदही त्याच्याखाली लिहा. ते पाळायला आम्ही तयार आहोत. आमच्या गाईसुद्धा दीड आठवड्यात वेळ बदलायला शिकल्या. फायलींना त्याहून जास्त वेळ लागतो हे मला माहीत आहे, पण आमच्या पोरांना तेवढा वेळ नाही.